तबकडी, एमपीथ्री आणि फ्लॅक : आवाजातून गाळलेलं कुठे जातं?

गेल्या वर्षभरात वेगवेगळ्या गावांतल्या चार-पाच ओळखीच्यांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. घरात वडिलांच्या काळातल्या कॅसेटी आहेत. कुणाकडे उरुसातल्या कव्वाल्या आहेत, कुणाकडे मोहल्ल्यात झालेला मुशायरा, तर कुणाकडे आजोबांनी टेपरेकॉर्डरसमोर बसून म्हटलेली नात. आता हे सगळं डिजिटल करून घ्यायचं आहे. दुकानदार विचारतो, ‘एमपीथ्री करू की फ्लॅक?’ आणि लगेच स्वतःच सल्लाही देतो, ‘एमपीथ्रीच घ्या. फरक कळत नाही आणि जागाही कमी लागते.’

दुकानदार खोटं बोलत नाही. ऐकण्यापुरता त्याचा सल्ला बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण हा प्रश्न नुसत्या ऐकण्याचा नाही. मी ध्वनी-अभियंता नाही, इतिहास वाचणारा माणूस आहे. आवाज साठवण्याची गेल्या सव्वाशे वर्षांची हकीकत वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. प्रत्येक काळात आवाज साठवताना त्यातलं काहीतरी गाळलं गेलं. कधी यंत्राला जमत नव्हतं म्हणून, कधी वेळ पुरत नव्हता म्हणून, तर कधी जागा महाग होती म्हणून. गाळायचं काय हे कुणी ठरवलं आणि गाळलेलं पुढे परत मिळालं का, हे पाहिलं की दुकानदाराला काय उत्तर द्यायचं ते कळतं.

तीन मिनिटांचं गाणं

नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला होता. हिंदुस्थानी आवाज मुद्रित करून विकायचे, हा त्याच्या दौऱ्याचा हेतू. या दौऱ्यात मुद्रित झालेला सर्वांत गाजलेला आवाज होता गौहर जान यांचा. गाणं संपताच त्या इंग्रजीत आपलं नाव सांगत. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हॅनोवरला. ऐकून छापणाऱ्या परक्या कारागिरांना गायिकेची ओळख पटावी म्हणून ही घोषणा असे, असं सांगितलं जातं.

त्या काळात विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या कंपनाने सुई हलायची आणि मेणाच्या थरावर रेघ कोरली जायची. या पद्धतीत साधारण २,५०० हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटत नसे. माणसाचा कान तरुणपणी २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे आवाजाचा वरचा सगळा मजला यंत्रानेच गाळून टाकलेला असे. सारंगी, तबला पुसट ऐकू येत. तंबोरा तर जवळजवळ नाहीच.

दुसरी गाळणी वेळेची होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत. ज्या मैफलीत एक राग तास-दीड तास चालायचा, तिथे गायकाला तीन मिनिटांत आलाप, बंदिश आणि ताना बसवाव्या लागल्या. साहजिकच विलंबित ख्याल मागे पडला. तबकड्यांवर ठुमरी, दादरा, नाट्यगीत आणि द्रुत बंदिशी जास्त आल्या. आज त्या काळचं संगीत कसं होतं हे आपण तबकड्यांवरून ठरवतो, तेव्हा ही गोष्ट विसरतो. तबकडीत जे मावलं ते उरलं. जे मावलं नाही ते त्या मैफलीत बसलेल्यांबरोबर गेलं.

मिरजेचे उस्ताद

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२चा, उत्तरेतल्या किराण्याचा. पण त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते मिरजेशी. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. सवाई गंधर्व, सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, रोशनआरा बेगम ही किराणा घराण्याची मोठी नावं त्यांच्याच परंपरेतली. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीकडे जाताना वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते दफन आहेत. उरुसात तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते आणि सर्व धर्मांचे कलावंत हजेरी लावतात.

खाँसाहेबांचा आवाज दोन वेगळ्या काळांत मुद्रित झाला. पहिली मुद्रणं विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, भोंग्याच्या पद्धतीची. नंतरची १९३०च्या दशकातली. या दोन्हींच्या मध्ये, १९२५ साली, मायक्रोफोन वापरून विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झालं होतं. दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर उस्तादांचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. वयाचा भाग आहेच, पण मोठा फरक यंत्राचा आहे. नंतरच्या तबकड्यांत सुरांमधली बारीक हालचाल, श्वास, आवाजाचा पोत कळतो. पहिल्या तबकड्यांत तो होता आणि नंतर पुसला गेला असं नाही, तो कधी पकडलाच गेला नव्हता. आज कितीही मोठा संगणक लावला तरी तो तिथून बाहेर काढता येणार नाही.

इथे दुसरी बाजूही सांगायला हवी. याच तीन मिनिटांच्या तबकड्यांपैकी एक ठुमरी लहानपणी ऐकून भीमसेन जोशी अस्वस्थ झाले आणि गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे त्यांना गुरू मिळाले तेही खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व. म्हणजे गाळलेला, आखडलेला आवाजसुद्धा एका मुलाचं आयुष्य बदलू शकतो. म्हणून कॉम्प्रेस केलेल्या संगीताला नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. आवाज स्वस्त होऊन दूरवर पोहोचला, हे त्याचं मोठं काम आहे.

तंबोऱ्याची साक्ष

मिरजेचा विषय निघाला की तंबोरा येतोच. एकोणिसाव्या शतकात इथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या कारागिरांनी, सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. फरीदसाहेब शिकलगार यांचं नाव या परंपरेत आधी घेतलं जातं. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याला चार तारा, आणि त्या छेडायच्याही अगदी हलक्या. तरी त्यातून नादाचं मोहोळ उठतं, ते घोडीमुळे. घोडीची पाठ रुंद आणि किंचित गोलाकार असते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवून कारागीर किंवा गायक जवारी लावतो. कंप पावणारी तार घोडीला हलकेच घासत राहते आणि मूळ स्वराबरोबर वरचे अनेक स्वर झळकतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये यावर निबंध लिहिला होता. तार ज्या बिंदूवर छेडली, त्या बिंदूमुळे काही वरचे स्वर उमटायला नकोत असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम. तंबोऱ्यात ते उमटतात, हे रामन यांनी दाखवून दिलं.

म्हणजे तंबोऱ्याचा जीव वरच्या, बारीक, एकमेकांत मिसळलेल्या स्वरांत आहे. आवाज साठवणारी कोणतीही पद्धत पहिला हात घालते तो नेमका तिथे. भोंग्याने तो गाळला आणि कॅसेटच्या घरघरीत तो बुडाला. कमी बिट्सच्या एमपीथ्रीत तो पाण्याखालून वाजल्यासारखा डुचमळतो. फाइल कितपत शाबूत आहे हे पाहायचं असेल तर गायकाकडे नव्हे, तंबोऱ्याकडे कान द्यावा.

तबकडीला नकार देणारे खाँसाहेब

याच काळात कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँ होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे मूळपुरुष १९४६पर्यंत हयात होते. तबकड्यांचा धंदा तोवर भरभराटीला आला होता. तरी त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांचं गाणं आपल्यापर्यंत आलं ते केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांच्या गळ्यातून. उर्दूत याला सीना-ब-सीना म्हणतात, छातीकडून छातीकडे.

हा मार्ग लॉसलेस नव्हता. गुरूची हुबेहूब नक्कल होणं त्यात अपेक्षितही नव्हतं. प्रत्येक शिष्य आपल्या गळ्याप्रमाणे काही सोडायचा, काही घालायचा. फरक इतकाच की तिथे गाळण्याचा निर्णय गाणं समजणारा माणूस घ्यायचा आणि सोडलेल्याच्या जागी नवं काही उगवायचं. यंत्राच्या गाळणीत नवं काही उगवत नाही.

पुढे १९७७मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली. त्यांच्यावर पृथ्वीच्या आवाजांची सोनेरी तबकडी होती आणि तीत केसरबाईंची भैरवी होती. सुमारे साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या या गायिकेचा आवाज सूर्यमालेबाहेर गेला, पण गेला तो तबकडीच्या मापाचा होऊनच. व्हॉयेजर ज्या प्रयोगशाळेने बांधलं, तिचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

कॅसेटीचं राज्य

फिलिप्सने १९६३मध्ये छोटी कॅसेट बाजारात आणली. आपल्याकडे तिचं खरं राज्य १९८०च्या दशकात सुरू झालं. तबकडी कंपनी काढायची, कॅसेट मात्र कुणीही भरू शकायचं. इतिहासाच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. ज्यांच्यापर्यंत कोणती कंपनी कधी पोहोचली नसती, असे आवाज पहिल्यांदाच घरोघरी साठू लागले. गावच्या कव्वालाची रात्रभर चाललेली मैफल, लग्नात बायकांनी दखनीत म्हटलेली गाणी, मोहर्रमचे मर्सिये, जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या ओव्या जमवल्या आणि १९९०च्या दशकात त्यांचं ध्वनिमुद्रणही झालं, म्हणून त्या आज ऐकता येतात. बाकी असंख्य आवाज घरातल्या बुटाच्या खोक्यांत पडून आहेत.

कॅसेटची गाळणी वेगळी होती. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी भरली की प्रत्येक वेळी सरसर वाढायची आणि वरचे स्वर मरायचे. चौथ्या प्रतीत गायक चादर पांघरून गातोय असं वाटायचं. त्यामुळे मूळ कॅसेट कुणाकडे आहे याला महत्त्व होतं. जुनी माणसं ती कुणाला उसनी देत नसत, याचं कारण कंजुषी नव्हतं.

आवाजाचे आकडे

ऑक्टोबर १९८२मध्ये सोनी आणि फिलिप्सची कॉम्पॅक्ट डिस्क जपानमध्ये विक्रीला आली. आवाजाची लाट एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजायची, प्रत्येक माप १६ बिट्समध्ये लिहायचं आणि डाव्या-उजव्या बाजूचं वेगवेगळं ठेवायचं. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट्स होतात, म्हणजे १,४११ किलोबिट. तासाभराच्या आवाजाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात.

४४,१०० हा आकडा हवेतून आला नाही. जी कंपनं पकडायची त्यांच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा मोजावं लागतं, असा सिद्धान्त आहे. माणूस २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून ४०,०००च्या वरचा आकडा. ऐकू येण्यापुरतं सगळं पकडणारी ही पहिली घरगुती पद्धत होती. शिवाय आकड्यांची नक्कल हुबेहूब होते. शंभरावी प्रत पहिलीसारखीच. कॅसेटचा शाप इथे संपायला हवा होता.

एर्लांगेनची गाळणी

पण आकडे फार होते. १९९५च्या सुमारास घरी २८.८ किलोबिटचा मोडेम असे. चार मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जात उतरवायला त्यावर सव्वातीन तास लागले असते.

यावर उपाय आधीच तयार होत होता. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये प्राध्यापक डीटर झाइत्सर यांची कल्पना होती की टेलिफोनच्या तारेवरून संगीत पाठवावं. त्यांचे विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी १९८९मध्ये या विषयावर प्रबंध पूर्ण केला. फ्राउनहोफर संस्थेत आणि इतर ठिकाणी चाललेल्या अशा कामांतून पुढे एमपीथ्रीचं मानक ठरलं. १९९२-९३मध्ये ते मंजूर होऊन प्रसिद्ध झालं आणि जुलै १९९५मध्ये फाइलच्या नावापुढे ‘एमपीथ्री’ लावायचं ठरलं.

युक्ती कानाच्या स्वभावावर आधारलेली आहे. उरुसाच्या मिरवणुकीत ताशा कडकडत असताना शेजाऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत नाही. टिकटिक असते, पण मोठा आवाज तिला झाकून टाकतो. मग ती लिहायचीच कशाला? एमपीथ्री आवाजाचे छोटे छोटे तुकडे करतं, प्रत्येकात कोणता स्वर कुणाला झाकतो याचा अंदाज बांधतं आणि झाकलेल्यावर कमीत कमी बिट्स खर्च करतं. १,४११ किलोबिटचं काम १२८मध्ये होतं. अकरावा हिस्सा! सव्वातीन तासांचं डाउनलोड अठरा मिनिटांवर आलं.

ही गाळणी पारखताना ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचं साथीशिवाय गायलेलं ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा ऐकलं. एकट्या गळ्याला झाकायला दुसरा आवाज नसतो, त्यामुळे गाळणीची प्रत्येक चूक उघडी पडायची. सुरुवातीचे निकाल भयंकर होते. दुसरी कठीण परीक्षा कास्टानेट या स्पॅनिश चिपळ्यांची. अचानक आघात झाला की गाळणीची चूक त्या तुकड्यात पसरते आणि आघाताच्या आधीच हलकी फसफस ऐकू येते. तबल्याच्या चाटेवर वाजलेल्या बोलाआधी कमी दर्जाच्या फाइलमध्ये जी धूळ उडाल्यासारखी वाटते, ती हीच.

२०१४-१५च्या सुमारास रायन मॅग्वायर या अमेरिकन संगीतकाराने एक मजेदार प्रयोग केला. त्याच ‘टॉम्स डायनर’मधून एमपीथ्री करताना जे गाळलं जातं, तेवढंच वेगळं काढून त्याची रचना केली. ते ऐकताना भुतांची कुजबुज ऐकल्यासारखं वाटतं. फेकलेला भाग रिकामा नसतो, हे त्यातून कानांना कळतं.

१९९९मध्ये नॅपस्टर आलं, ऑक्टोबर २००१मध्ये हजार गाणी खिशात घालणारा आयपॉड आला. आपल्याकडे फुटपाथवर शंभर-दीडशे गाण्यांच्या एमपीथ्री सीडी आल्या, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. जुने कव्वाल, विस्मृतीत गेलेली नाट्यगीतं, मुशायरे तिथूनच नव्या पिढीच्या कानावर पडले. दर्जा कुणी विचारला नाही. जितकी जास्त गाणी मावतील तितकं बरं, असा तो हिशेब होता.

काही न फेकणारी घडी

कपाटात जागा करायची असेल तर दोन मार्ग असतात. काही कपडे टाकून द्यायचे किंवा सगळे नीट घडी करून ठेवायचे. एमपीथ्री हा पहिला मार्ग, फ्लॅक दुसरा.

जॉश कोलसन या अमेरिकन प्रोग्रॅमरने २०००मध्ये फ्लॅकवर काम सुरू केलं आणि जुलै २००१मध्ये पहिली पक्की आवृत्ती सर्वांना मोफत दिली. त्याची रीत अशी. वाढत्या मुलाची उंची दर महिन्याला पूर्ण लिहिण्याऐवजी आपण मागच्या नोंदींवरून अंदाज करू शकतो आणि फक्त अंदाज चुकला किती तेवढं लिहू शकतो. चूक लहान असते, म्हणून जागा कमी लागते. फ्लॅक आवाजाच्या मापांचं तेच करतं. उरलेल्या चुका लिहिण्याची जी सांकेतिक रीत त्यात आहे, ती रॉबर्ट राइस या अभियंत्याची. अंतराळयानांकडून येणारी चित्रं कमी बिट्समध्ये पाठवता यावीत म्हणून त्याने ती १९७०च्या दशकात जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत बसवली. व्हॉयेजर बांधणारी प्रयोगशाळा हीच.

फ्लॅकची फाइल मूळ आकाराच्या साधारण अर्ध्या ते दोन-तृतीयांश होते. उलगडली की प्रत्येक बिट जागच्या जागी. त्यात मूळ आवाजाचा एक डिजिटल अंगठाही नोंदवलेला असतो, त्यामुळे वीस वर्षांनी फाइल शाबूत आहे का हे तपासता येतं. एमपीथ्रीमध्ये हे शक्यच नाही, कारण मुळाशी ती जुळतच नसते. ॲपलने २००४मध्ये याच धर्तीवर आपला स्वतःचा प्रकार आणला आणि २०२१पासून ॲपल म्युझिकच्या ग्राहकांना जादा पैसे न घेता लॉसलेस संगीत देऊ केलं.

मग निवडायचं काय?

ऐकण्यासाठी २५६ किंवा ३२० किलोबिटची एमपीथ्री किंवा एएसी फाइल उत्तम आहे. कोणती फाइल कोणती हे न सांगता ऐकवलं, तर बहुतेकांना या दर्जाची एमपीथ्री आणि फ्लॅक यांतला फरक सांगता येत नाही. मलाही आला नाही. त्यातून ब्लूटूथच्या हेडफोनवर ऐकत असाल तर फोन ती फाइल हवेतून पाठवताना बहुतेक वेळा पुन्हा कॉम्प्रेस करतोच. त्यामुळे बसमध्ये फ्लॅक ऐकण्याचा हट्ट निरर्थक आहे.

जपण्याचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने आजीच्या गाण्यांच्या दोन कॅसेटी एका दुकानातून ६४ किलोबिटच्या एमपीथ्रीत करून घेतल्या. काम झालं म्हणून कॅसेटी भंगारात गेल्या. काही वर्षांनी नातवाने सरसर काढून आवाज स्वच्छ करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा जाणकाराने हात टेकले. टेपची सरसर म्हणजे कसलाही नेम नसलेला आवाज. एमपीथ्रीचे अपुरे बिट्स ती लिहिण्यातच खर्च होतात आणि आजीच्या आवाजाला उरतात थोडेच. नंतर सरसर काढायला जावं तर ती आणि आवाज एकमेकांत असे चिकटलेले असतात की एकीबरोबर दुसराही सोलून निघतो. मूळ कॅसेट असती किंवा लॉसलेस प्रत असती, तर आजची साधनं बरंच काही करू शकली असती. त्या बाईंनी म्हटलेली दखनी लग्नगीतं त्या गावात आता कुणाला येत नाहीत.

गौहर जान यांच्या तबकड्यांच्या अनेक प्रती संग्राहकांकडे आहेत. एक खराब निघाली तर दुसरी शोधता येते. तुमच्या आजीच्या कॅसेटीची जगात एकच प्रत आहे. म्हणून नामवंतांच्या गाण्यापेक्षा घरच्या आवाजाला लॉसलेसची गरज जास्त आहे.

अभिलेखागारांनी हे केव्हाच ठरवून टाकलं आहे. ध्वनी आणि दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम सांगतात की जपण्याची प्रत सेकंदाला किमान ४८,००० मापांची, शक्यतो ९६,००० मापांची आणि २४ बिट्सची असावी, आणि तिच्यातून काहीही गाळलेलं नसावं. आपल्या देशात नझीर अली जयराजभॉय यांच्या पुढाकाराने १९८२मध्ये लोकसंगीताचं अभिलेखागार उभं राहिलं. भारतात मुद्रित होऊन परदेशांत पडून राहिलेले आवाज परत आणणं हा त्याचा एक उद्देश होता. पण कोणतंही अभिलेखागार प्रत्येक घरातल्या बुटाच्या खोक्यापर्यंत पोहोचू शकत नाही. ते काम घरच्यांचंच.

जागेची सबब आता उरलेली नाही. तासाभराच्या चाळीस कॅसेटी सीडीच्या दर्जात २५ गिगाबाइटमध्ये मावतात, फ्लॅक केल्या तर त्याहून कमी जागेत. आज साध्या ६४ गिगाबाइटच्या कार्डात हे सगळं बसतं. ज्या अडचणीतून एमपीथ्री जन्मली, ती अडचण घरच्या कॅसेटींपुरती संपली आहे. तिच्या मूळ पेटंटची मुदतही संपली आणि २०१७मध्ये फ्राउनहोफरने तिचे परवाने देणं थांबवलं. सवय मात्र मागे राहिली.

तेव्हा दुकानदाराला इतकं सांगा. आधी कॅसेट प्लेअरचा हेड साफ करून घे, कारण तिथे गेलेला आवाज कोणतीही फाइल परत आणत नाही. प्लेअरमधून आवाज थेट वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये घे, ४८,००० आणि २४ बिट्सवर. सरसर काढू नकोस, जशी आहे तशी राहू दे. मग त्या फ्लॅकवरून हवी तितकी एमपीथ्री बनवून व्हॉट्सॲपवर वाट. उलटा प्रवास चालत नाही. एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवली तर फाइल मोठी होते, आवाज तोच राहतो. अशी नकली फ्लॅक ओळखायची असेल तर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तिचा वर्णपट पाहा. १६,००० हर्ट्झच्या आसपास रेघ मारल्यासारखा आवाज तुटलेला दिसला, तर ती बहुधा एमपीथ्रीच आहे. फ्लॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. आणि कॅसेटी? त्या फेकू नका. उद्या आजच्यापेक्षा चांगलं यंत्र येईल.

१९०२च्या गैसबर्गकडे निवड नव्हती. त्याच्या भोंग्यात जे शिरलं ते त्याने घेतलं आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणीच आहोत. अब्दुल करीम खाँ यांच्यापुढे काही मिनिटांचीच तबकडी होती. एर्लांगेनच्या अभियंत्यांपुढे टेलिफोनची अरुंद तार होती. प्रत्येकाने आपापल्या अडचणीत जमेल तेवढा आवाज वाचवला. आपल्यापुढे यातली एकही अडचण नाही.

घरातले जुने आवाज ही आपल्याकडे कुणीतरी ठेवलेली अमानत आहे. त्यातलं काय महत्त्वाचं हे ठरवायचा अधिकार आपल्यानंतरच्यांचाही आहे. कदाचित त्यांना गाण्यापेक्षा मागे बोलणाऱ्या बायकांची बोली हवी असेल. कदाचित दूरवरून येणारी अजान, अंगणातला कोंबडा किंवा गिरणीचा भोंगा त्यांना त्या गावाबद्दल काही सांगेल. एमपीथ्रीच्या हिशेबात हे सगळं झाकलेले आवाज म्हणून आधी गाळलं जातं. त्यांना काय हवं असेल हे आज आपल्याला माहीत नाही, म्हणून अमानत जशी मिळाली तशीच पुढे द्यावी.